रिकामी बेटं मोजायची की सोडून द्यायची?

काठावरची

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आता अडले म्हणून पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी एका फुलपाखराचे सुरवंट मोजते. या सुरवंटांना एकच झुडूप चालतं आणि ते झुडूप सलग कुठेच नाही, तुकड्यातुकड्यांनी वाढलंय. अशी ३८ बेटं मी नकाशावर घेतली आहेत. सगळ्यात लहान बेट खाटेएवढं, सगळ्यात मोठं व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढं. गेल्या वर्षी १७ बेटांवर सुरवंट सापडले, यंदा १६ वर. म्हटलं, चला, काही बदललं नाही, अहवाल एका पानात संपला! मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही वर्षी सुरवंट असलेली बेटं फक्त ९. गेल्या वर्षीची ८ ओस पडलीत आणि ७ नव्याने भरलीत. झुडपं मात्र सगळीकडे तशीच, हिरवीगार.

माझे मार्गदर्शक म्हणतात, रिकाम्या बेटांवर वेळ घालवू नकोस, जिथे काही आहे तिथलं नीट मोज. एका फेरीला चार दिवस लागतात आणि त्यातले दोन-अडीच दिवस मी काहीही न सापडणाऱ्या झुडपांची पानं उलटीपालटी करत असते. त्यामुळे त्यांचंही बरोबर वाटतं.

विचारायचं ते असं. समोर खाणं असूनही ही मंडळी तिथे बसत का नाहीत? रिकाम्या बेटांच्या नोंदी ठेवून काही हाती लागतं का? आणि असं विखरून राहिल्याने प्राणी स्वतःच बदलत जातो, असं वर्गात एका ओळीत सांगून सर पुढे गेले होते. ते खरंच कुणी पाहिलंय, की नुसतं कागदावरचं गणित?

बिनपंखी

सोपं आहे. जिथे नाहीत तिथे काहीतरी बिनसलेलं असणार. माती, सावली, मुंग्या. फुलपाखराला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ओस पडलेल्या झुडपांवर मुंग्या जास्त आहेत का बघा.

जुनीवही

मुंग्या बघाव्यातच. पण बिनपंखी, यंदाची ८ ओस बेटं गेल्या वर्षी चांगली होती ना? एका वर्षात आठ ठिकाणी माती बिघडली आणि सात ठिकाणी सुधारली, हे पचायला जड आहे.

काठावरची, तुम्ही अहवाल एका पानात संपवला नाहीत हे फार बरं केलंत. १७ आणि १६ मध्ये सांगण्यासारखं काही नाही. जे आहे ते ९, ८ आणि ७ मध्ये आहे.

रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये या प्रकाराचा एक अगदी साधा हिशोब मांडला. कुठल्या बेटावर किती जीव आहेत हे त्यांनी सोडूनच दिलं. बेट एक तर भरलेलं, नाही तर रिकामं. भरलेलं बेट आज ना उद्या ओस पडतं, कारण आठ-दहा जीवांची वस्ती संपायला फार काही लागत नाही. एक वादळी पाऊस पुरतो, किंवा एखाद्या पिढीत सगळे नरच निघतात. दुसरीकडे, भरलेल्या बेटांवरून उडालेल्या माद्या रिकाम्या बेटांवर अंडी घालतात. ओस पडणं आणि भरणं जिथे बरोबरीला येतं तिथे आकडा थांबतो, पण त्या आकड्यामागची बेटं बदलत राहतात. तुम्ही दोन याद्या शेजारी ठेवून पाहिलंत ते हेच. अशा वस्त्यांच्या वस्तीला पुढे त्यांनीच ‘मेटापॉप्युलेशन’ हे नाव दिलं. गंमत म्हणजे त्यांच्या डोक्यात तेव्हा किडींचा बंदोबस्त कसा करायचा हा प्रश्न होता. आज तेच गणित जाती वाचवू पाहणारे वापरतात.

आता एक कागद घ्या. समजा १०० बेटं आहेत, आणि ओस पडण्याचा दर भरण्याच्या दराच्या तीन दशांश आहे. हिशोब ७० भरलेली, ३० रिकामी असा स्थिरावतो. आता कुठलीही ५० बेटं नांगराखाली गेली असं धरा. आपण सहज म्हणू की उरलेल्या ५० पैकी ३५ भरलेली राहतील, प्रमाण तेच. तसं होत नाही. रिकामी ३० ती ३०च राहतात आणि भरलेली उरतात २०. आणखी २० बेटं काढा, म्हणजे एकूण ३० उरली, की भरलेली शून्य. तीस बेटं हिरवीगार उभी आहेत, खाणं भरपूर आहे, आणि खाणारा एकही नाही. कारण वस्त्या ओस पडणं थांबलेलं नाही, पण उडालेल्या मादीला पुढचं बेट सापडणं दुर्मिळ झालंय. रिकाम्या जागा हा या जातीचा कायमचा खर्च आहे. उत्पन्न घटलं म्हणून तो खर्च घटत नाही.

हे लगेच घडतही नाही. बेटं नांगरल्यावर कित्येक वर्षं फुलपाखरं दिसत राहतात आणि लोक म्हणतात, बघा, काही झालं नाही. डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशाच थकलेल्या बाकीला नामशेष होण्याचं कर्ज म्हटलं. फक्त भरलेली बेटं मोजणाऱ्याला ते कर्ज दिसूच शकत नाही.

आता माझी फजिती. तरुणपणी मीही असाच पायी फिरून सुरवंट मोजत असे. जिथे सापडले तिथे आकडा लिहायचा, बाकीचं घर कोरं सोडायचं. शून्य लिहायचा कंटाळा, आणि पानभर शून्यं दिसली की दिवस फुकट गेल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी विचारलं, यातली नव्याने भरलेली ठिकाणं किती? मी वही उघडली आणि गप्प बसलो. कोऱ्या घराचा अर्थ ‘बघितलं, नव्हते’ असा, की ‘त्या दिवशी पाय दुखत होता म्हणून गेलोच नाही’ असा, हे माझं मलाच सांगता येईना. तीन वर्षांच्या कष्टातून भरण्याचा दर काढता आला नाही आणि ओस पडण्याचाही नाही. ती वही अजून आहे. इथलं नाव तिच्यावरूनच घेतलंय.

शून्यं लिहिलीत तरी एक काळजी उरते. शून्य खोटं असू शकतं. पानामागचे दोन सुरवंट नजरेतून सुटतात आणि तुम्ही बेट ओस ठरवता. तुमच्या ८ आणि ७ मध्येही अशी काही बेटं असतीलच. म्हणून एका हंगामात त्याच बेटावर निदान दोन-तीन फेऱ्या हव्यात. पहिल्या फेरीत न दिसलेले दुसरीत किती ठिकाणी दिसले, त्यावरून नजर किती चुकते याचा अंदाज निघतो. २००२ पासून याची रीतसर संख्याशास्त्रीय पद्धतही आहे, ऑक्युपन्सी मॉडेल नावाची.

धीर यावा म्हणून सांगतो. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नावाचं फुलपाखरू आहे. हेलसिंकीच्या इल्का हान्स्की यांनी तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे ४,००० छोटी कोरडी कुरणं मोजायला घेतली. शरद ऋतूत सुरवंट थंडीसाठी एकत्र पांढरं रेशमी जाळं विणतात, तेव्हा विद्यार्थ्यांची फौज एकेक कुरण तपासते. कुठल्याही वर्षी त्यातली बहुतेक कुरणं रिकामी असतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फुलपाखरू-मोजणीत लोक मुख्यतः शून्यं लिहीत फिरतात. हान्स्की २०१६ मध्ये गेले, मोजणी चालूच राहिली. तुमच्या मार्गदर्शकांना हे सांगून पाहा, त्यांच्या कलाने घेऊन.

काठावरची

पन्नास नांगरली तरी रिकामी तीसच, हे मी तीनदा करून पाहिलं. बरोबर येतंय आणि तरी विश्वास बसत नाहीये. शून्यं लिहितेय आता.

उलटतपासणी

जुनीवही, छान लिहिलंत, पण तुम्ही दोन गोष्टी एकाच पोत्यात भरताय. अधिवास कमी होणं वेगळं आणि अधिवासाचे तुकडे होणं वेगळं. तुमच्या उदाहरणात बेटं नांगरली गेली, म्हणजे क्षेत्रच घटलं. कॅनडातल्या लेनोर फारिग यांनी २००३ च्या आढाव्यात हाच फरक ठळक केला. एकूण क्षेत्र तेवढंच ठेवून फक्त तुकडे वाढवले, तर परिणाम बहुधा किरकोळ असतो, आणि चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंना जातो. २०१७ च्या आढाव्यात तर त्यांना दखल घेण्याजोगे जे परिणाम सापडले त्यातले बहुतेक चांगल्या बाजूचे होते.

तुकड्यांमुळे जीव टिकतात याचा जुना प्रयोगही आहे. कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. ट्रेवर संत्री मांडली, संत्र्यांवर जगणारा एक कोळीवर्गीय सूक्ष्म किडा सोडला आणि त्याला खाणारा दुसरा सोडला. संत्री जवळजवळ असली की शिकारी सगळं फस्त करून शेवटी स्वतः उपाशी मरायचा. खेळ खलास. मग हफेकरांनी २५२ संत्र्यांचा पसारा मांडला, बहुतेक पृष्ठभाग झाकून प्रत्येकाचा थोडासाच भाग उघडा ठेवला, मधे व्हॅसलिनच्या रेषांचे अडथळे आखले आणि लहान लाकडी काड्या उभ्या केल्या. भक्ष्य काडीवर चढून धाग्याच्या आधाराने हवेतून पलीकडे जाऊ शके, शिकाऱ्याला ते जमत नसे. त्या पसाऱ्यात दोघांची चढउताराची तीन पूर्ण आवर्तनं झाली. जागा ठिगळाठिगळांची केली म्हणून दोघंही इतका काळ टिकले.

तेव्हा ‘तुकडे म्हणजे वाईट’ असा अर्थ नवीन वाचणाऱ्यांनी काढू नये.

जुनीवही

आक्षेप पाऊण मान्य. मी नांगर लावला होता, हे खरं. पाव हिस्सा मात्र राखून ठेवतो, त्याची कारणं दोन.

एक म्हणजे, तुकड्यांमधल्या जागेत काय आहे यावर बरंच ठरतं. ॲमेझॉनमध्ये मनाऊस शहराजवळ १९७९ पासून एक प्रयोग चालू आहे, थॉमस लव्हजॉय यांनी सुरू केलेला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात असताना त्यात १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखले. तुकड्यांच्या काठाशी ऊन-वारा आत शिरला आणि मोठी झाडं मरू लागली. एक हेक्टराच्या तुकड्यात काठ सोडून उरतं तरी काय? जंगलाच्या सावलीत वावरणारे पक्षी उघड्या पट्ट्यापलीकडे जाईनात. पुढे कुरणं ओसाड पडून तिथे रान माजलं, तेव्हा त्यातले काही पक्षी त्याच तुकड्यांत परत दिसू लागले. तुकड्यांचा आकार तोच होता, मधली जागा बदलली होती. मराठीत आपण बांबूच्या जाळीलाही बेट म्हणतो आणि समुद्रातल्या जमिनीलाही. शब्द छान आहे, पण फसवतो. समुद्र सगळ्यांना सारखाच ओलांडायला अवघड. दोन झुडपांमधलं माळरान मात्र एकाला समुद्र असतं आणि दुसऱ्याला अंगण.

दुसरं, हफेकरांचा पसारा टिकला कारण सगळी संत्री एकाच वेळी ओस पडत नव्हती. तुकड्यांचा फायदा तिथवरच. २०१८ च्या उन्हाळ्यात ऑलंडवर असा दुष्काळ पडला की बहुतेक कुरणांतली खाद्यझाडं एकदमच वाळली, आणि इतकी वर्षं मोजलेल्या त्या फुलपाखरांची संख्या कोसळली. हजारो तुकड्यांवर एकच संकट आलं की ते हजार राहत नाहीत, एकच होतात.

उलटतपासणी

दुसऱ्या मुद्द्यावर भांडण नाही. पहिल्यावर एक हेक्टराचं उदाहरण तुम्ही सोयीचं निवडलंत, पण असो. :)

काठावरची

माझा तिसरा प्रश्न राहिला. प्राणी बदलतो का?

जुनीवही

बदलतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत. आधी एका झाडाची गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला फार आवडते.

क्रेपिस सँक्टा नावाचं एक वर्षायू रोप आहे, पिवळ्या फुलांचं. त्याच्या एकाच फुलोऱ्यात दोन प्रकारच्या बिया धरतात. काहींना तंतूंची छत्री असते, त्या वाऱ्यावर जातात. काही जड, छत्रीविना, त्या आईच्या पायाशीच पडतात. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात हे रोप पदपथावरच्या झाडांच्या बुंध्याभोवती राखलेल्या मातीच्या चौकोनांत उगवतं. भोवती सगळं काँक्रीट. छत्रीवाली बी उडाली की बहुधा काँक्रीटवर पडून वाया जाते. आपल्याच चौकोनात रुजण्याची तिची शक्यता जड बीपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी निघाली. शहरातली आणि मोकळ्या रानातली रोपं एकाच ठिकाणी, सारख्या परिस्थितीत वाढवली, तेव्हा शहरी रोपांनी जड बिया जास्त प्रमाणात धरल्या. म्हणजे फरक रक्तात उतरला होता. पिअर-ओलिव्हिए शेप्तू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केलं, आणि त्यांच्या हिशोबाने या बदलाला ५ ते १२ पिढ्या पुरल्या असाव्यात. वर्षायू रोप, तेव्हा तितकीच वर्षं.

आता उलटं उदाहरण, तेही ऑलंडचंच. तिथे नव्याने वसलेल्या कुरणांतल्या माद्या जुन्या वस्त्यांतल्या माद्यांपेक्षा जास्त भटक्या निघाल्या. त्यात आश्चर्य नाही, नवीन कुरण गाठलं कुणी? ज्या दूर उडू शकल्या त्यांनी, आणि लेकींना तोच वसा दिला. ऊर्जेच्या वापराशी संबंधित एका जनुकाच्या रूपाशी हा फरक जोडलेला सापडला. ते रूप असलेली फुलपाखरं कमी तापमानातही उड्डाण करू शकतात.

मग ठिगळांचा अधिवास घरकोंबडे घडवतो की भटके? इथे थोडं थांबा, मला हा सगळ्यात मजेचा भाग वाटतो. एका बेटाच्या आत पाहिलं तर राहणारा नेहमी जिंकतो. जाणारा गेला, त्याची पोरं त्या बेटावर मोजलीच जाणार नाहीत. सगळी बेटं एकत्र पाहिली तर जाणारा जिंकतो, कारण राहणाऱ्याचं बेट कधी तरी ओस पडणारच आहे. ही रस्सीखेच कायमची. मधला प्रवास किती जीवघेणा आणि बेटं किती लवकर ओस पडतात, यावर दोर इकडे किंवा तिकडे सरकतो. माँपेलिएत काँक्रीटने तो घराकडे ओढला.

आणि आता परत त्या १०० बेटांच्या कागदाकडे या. सगळे घरकोंबडे झाले की भरण्याचा दर घसरतो. तो घसरला की रिकाम्या बेटांचा खर्च ३० वरून ४०, ५० वर जातो. म्हणजे नांगर लावला कुणी, आणि उरलेली कसर त्या जीवाची स्वतःची उत्क्रांतीच भरून काढते! प्रत्येक पायरीवर निवड ‘योग्य’ होत असते, आणि एकूण जात मात्र कड्याकडे सरकत असते.

भटकणं कमी झालं की नात्यातल्या नात्यात प्रजनन वाढतं, हा आणखी एक फटका. ऑलंडवरच १९९८ मध्ये ४२ वस्त्यांचा अभ्यास आला. वर्षभरात त्यातल्या ७ नाहीशा झाल्या, आणि ज्यांच्यात जनुकीय विविधता कमी होती त्यांना धोका जास्त होता.

पण येजा जास्त झाली तरी अडचण असते, हे विसरू नका. दक्षिण फ्रान्समध्ये ब्लू टिट नावाचा छोटा पक्षी मुख्यतः पानगळीच्या ओकवनांत राहतो. मधे मधे सदाहरित ओकची ठिगळं आहेत आणि तिथे पिलांना लागणारे सुरवंट सुमारे महिनाभर उशिरा येतात. सदाहरित ठिगळातले पक्षी तरीही लवकर अंडी घालतात आणि पिलं उपाशी राहतात, कारण शेजारच्या मोठ्या वनातून येणारे पाहुणे जुनी सवय पुन्हा पुन्हा मिसळत राहतात. कॉर्सिका बेटावर सदाहरित वनंच जास्त, तर तिथल्या पक्ष्यांचं वेळापत्रक त्यांच्या सुरवंटांशी जुळलेलं आहे. तिथे मात्र सुमारे २५ किलोमीटर अंतरावरच्या दोन ओकवनांत अंडी घालण्याच्या तारखांत महिन्याभराचा फरक सापडला आहे.

बिनपंखी

मुंग्यांचा मुद्दा मागे घेतो. पण घरकोंबडे म्हणजे मीच की.

जुनीवही

नावाला जागलात. डार्विनने मदेरा बेटांवरच्या भुंगेऱ्यांबद्दल लिहिलंय, ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येईल असे पंखच नाहीत. त्याच्या मते उडणारे वाऱ्याने समुद्रात जाऊन पडत, म्हणून न उडणारे उरले. माँपेलिएचं काँक्रीट म्हणजे तोच समुद्र, फक्त चौकोनाएवढा.

काठावरची

सगळ्यांचे आभार. मार्गदर्शकांशी बोलले. शंभर बेटांचा कागद पुढे ठेवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बरं, दोन फेऱ्या कर.

पण गेल्या वर्षीची वही काढली तर पाच बेटांपुढे घर कोरं आहे. त्या आठवड्यात पाऊस होता एवढं आठवतं. यातली तीन मी वर ‘रिकामी होती, यंदा भरली’ अशा ७ मध्ये धरली होती. आता तिथे शून्य लिहू, की ती बेटंच गाळून टाकू?

जुनीवही

दोन्ही नको. ‘गेले नाही’ असं लिहा. आणि नव्याने भरलेली ७ नाहीत, खात्रीची ४ आहेत. उरलेल्या तिघांचं गेल्या वर्षी काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.